राणीछाप रुपयाला चिंच लावू नका

ईद जवळ आली की तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने घासायला निघतात. त्याच घमेल्यात कुणीतरी दादीच्या बटव्यातले जुने रुपयेही टाकतं. भांडं घासलं तरी भांडंच राहतं, नाण्याचं तसं नाही. त्यावरची अक्षरं नि चित्र जेमतेम केसभर वर उठलेली असतात. आंबट पदार्थ, राख, भांड्याची पावडर यांनी मळाबरोबर धातूही जातो. चकाकी चार दिवसांची, पण झिजलेली अक्षरं परत येत नाहीत.

आपल्या घरांशी जोडलेलंच उदाहरण घ्या. 1911 साली पंचम जॉर्जचा नवा रुपया निघाला. बादशहाच्या झग्यावर बारीकसा हत्ती होता, पण त्याची सोंड नि पाय असे काही कोरले गेले की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांनी हरकत घेतली, बहुतेक रुपये वितळवले गेले आणि 1912 पासून हत्ती सुधारून कोरला. हा सगळा इतिहास तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत आहे. पावडरीने दोनदा घासलेल्या रुपयावर तो शोधून दाखवा!

मग मळ काढायचा कसा? माती असेल तर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात चांदीचं नाणं बुडवून ठेवावं, पाणी एक-दोनदा बदलावं. नळाच्या पाण्यात क्षार नि क्लोरीन असतं, ते नको. तेल, डिंक, चिकटपट्टीचा चिकटा पाण्याने निघत नाही, त्याला शुद्ध असिटोन लागतं. असिटोन चिकटा विरघळवतं, धातूला हात लावत नाही. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत बहुधा रंग, सुगंध, तेल मिसळलेलं असतं, म्हणून प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून आणावं. काचेच्या बरणीत थोडं ओतून नाणं तासभर ठेवावं, मग ताज्या असिटोनमधून एकदा काढावं, नाहीतर विरघळलेला चिकटा पुन्हा नाण्यावरच वाळतो. सुती कापडावर ठेवून टिपावं, पुसू नये. पाण्यात ठेवलेलं नाणंही शेवटी असिटोनमध्ये बुडवलं तर झटकन कोरडं होतं.

असिटोन मात्र पेट्रोलसारखं पेटतं. स्वयंपाकघरात नको, चूल-गॅस-अगरबत्ती काही जवळ नको, खिडकी उघडी हवी आणि मुलं लांब हवीत.

चांदीवरचा काळेपणा या दोन्हींनी जात नाही. तो जाऊही देऊ नये. ते नाण्याचं वय आहे, आणि नाण्यांचे जाणकार गिऱ्हाईक चकचकीत केलेल्या नाण्याला कमीच किंमत देतात. शिवराईसारखी तांब्याची नाणी पाण्यात रात्रभर ठेवू नयेत. गुळगुळीत गर्द हिरवा थर असला तर असू द्यावा. फिकट हिरवी भुकटी झडत असेल, तर तो तांबं खाणारा रोग आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवावं आणि जाणत्याला दाखवावं.

एखाद्या घरात शाहजहानचा रुपयाही निघेल. त्याच्या एका बाजूला कलिमा असतो. औरंगजेबाने तो नाण्यांवरून बंद केला, पायदळी येऊ नये म्हणून. असं नाणं वुजू करून हाती घ्यावं, कडेने धरावं, आणि धुतलेलं पाणी मोरीत न सोडता झाडाच्या बुंध्याशी ओतावं. असिटोन झाडाला घालू नये, एवढं सांगायला हवंच!

नेसरीच्या आसपास शेतात नांगराला नाणी लागली, तर धुण्याआधी कायदा बघा. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. अशी नाणी मातीसकट ठेवावीत, मातीतूनही अभ्यासकाला काही कळतं.

बटवा उघडलाच आहे तर रुपये मोजूनही घ्या. 1939 पर्यंतचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, आणि जकातीचा चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे. त्यात मिश्रधातू आहे, त्याचा हिशेब मौलानांना विचारावा.

ठेवताना प्रत्येक नाणं कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवावं. मऊ प्लास्टिकच्या अल्बमला काही वर्षांनी हिरवट चिकटा सुटतो, आणि रबरबँडने चांदी काळी पडते.