फटका तोच, नाव निराळे

गोल्फ हा आपल्याकडे मूठभरांचा खेळ. त्याच्या परिभाषेशी सामान्य वाचकाला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. परंतु भोकाभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर, म्हणजे ‘ग्रीन’वर, चेंडू हलकेच सारण्याच्या एकाच क्रियेला जी नावे पडली आहेत, त्यांत मानवी व्यवहाराचे एक मर्म दडलेले आहे.

मूळ फटका एकच : ‘पट’. सव्वाचार इंच व्यासाच्या भोकाकडे चेंडू घरंगळत न्यायचा. लांबून मारताना तो भोकाजवळ थांबला तरी पुरे, अशी अपेक्षा असेल तर तो ‘लॅग’. वीतभर अंतरावरून नुसता सारला तर ‘टॅप-इन’. आणि प्रतिस्पर्ध्याने ‘राहू दे, गेलाच समज’ म्हणून सोडून दिला तर ‘गिमी’. हे औदार्य मात्र भोकागणिक हारजीत ठरणाऱ्या प्रकारातच चालते. एकूण फटके मोजायचे असतील तर इंचभराचा पटही मारावाच लागतो. १९६९ साली रॉयल बर्कडेल येथे रायडर चषकाच्या अखेरच्या सामन्यात जॅक निकलसने टोनी जॅकलिनचा दोन-अडीच फुटांचा पट सोडून दिला आणि लढत १६-१६ अशी बरोबरीत सुटली. पुढच्याच वर्षी सेंट अँड्रूजला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या भोकावर डग सँडर्सपुढे जवळजवळ तेवढेच अंतर होते. तेथे सोडून देण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. सँडर्स चुकला, आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरलढतीत निकलसकडूनच हरला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक कुतूहल वाटते ते दुसऱ्या एका जोडीचे. प्रत्येक भोकासाठी अपेक्षित फटक्यांची संख्या, म्हणजे ‘पार’, आधीच ठरलेली असते. ती राखण्यासाठी मारायचा तो पारचा पट. तीतून एक फटका वाचविण्यासाठी मारायचा तो ‘बर्डी’चा. विजेता एकूण फटक्यांवर ठरत असल्याने दोहोंचे मोल वस्तुतः समान. तरीही डेव्हिन पोप व मॉरिस श्वाइट्झर यांनी अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांतले २५ लाखांहून अधिक पट तपासले तेव्हा, तुल्य परिस्थितीतला बर्डीचा पट पारच्या पटापेक्षा शंभरात सुमारे दोन वेळा कमी साधतो, असे आढळले. हा निबंध २०११ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. बर्डी हुकली तर केवळ लाभ हुकतो. पार हुकला तर तोटा वाटतो, आणि तोट्याच्या धास्तीने हात अधिक सावध होतो. काहनेमन व ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचाच हा पडताळा होय.

आयुष्य या सरावात घालविलेल्या आणि लक्षावधी डॉलरांसाठी खेळणाऱ्यांची ही गत, तर महिनाअखेरीस खर्चाची तोंडमिळवणी करणाऱ्या गृहस्थाची काय कथा? ‘मुदतीत भरल्यास सूट’ आणि ‘मुदतीनंतर जादा आकार’ यांत अंकगणित एकच असू शकते. मनावरचा परिणाम एक नसतो. छापील किंमत आधी फुगवून तिच्यावर घसघशीत सवलत जाहीर करणारा विक्रेता तर पारच हलवीत असतो! मालाचे वजन तपासायला निरीक्षक आहे. ‘मूळ किंमत’ म्हणून छापलेला आकडा आला कोठून, त्या किमतीला तो माल कधी विकला गेला होता काय, हे मात्र ग्राहकाने आणि ग्राहक संघटनांनी दुकानात उभे राहूनच विचारले पाहिजे. गोल्फमध्ये निदान पार खेळाआधी जाहीर होतो, आणि तो सर्वांना सारखाच असतो.