'वतन' म्हणजे मायभूमी नव्हे

१/ जुन्या मराठी कागदांत 'वतन' हा शब्द दिसला की त्यावर देशभक्तीचा मथळा चढवण्याची खोड अलीकडे बळावली आहे. त्यामुळे शब्दावर अन्याय होतोच, इतिहासावरही होतो.

२/ मूळ अरबीत 'वतन' म्हणजे राहते ठिकाण, स्वदेश. उर्दू-हिंदीत त्याची मायभूमी झाली. मराठीत मात्र तो कारभाराचा शब्द ठरला. वंशपरंपरागत हुद्दा, त्यासोबतची जमीन, हक्क आणि मानपान, हे सारे मिळून वतन.

३/ पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे हे वतनदार. वतन विकता येई, भावाभावांत वाटता येई. तंटा उद्भवला तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. मायभूमीचे असे खरेदीखत होते काय?

४/ तरीही घराचा अर्थ पुरता पुसला गेला नाही. मिरासदाराचे मूळ गावात. त्याच शिवारात राबणारा उपरी मात्र परकाच. घर कोणाचे, हे मायेने नव्हे, हक्काने ठरत होते.

५/ सभासदाची बखर १६९७ सालची. वतनदारांचे हुडे-कोट शिवाजी महाराजांनी पाडले आणि त्यांना रयतेसारख्या साध्या घरात राहावयास लावले, असे ती सांगते. वतन हेच स्वराज्यप्रेम असते, तर या तटबंद्या पाडाव्या का लागल्या?

६/ रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे तर वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी भाऊबंदच मानतात. त्यांना दुखवू नये, पण मोकळेही सोडू नये, असा त्यांचा सावध सल्ला आहे.

७/ मग वतनदारांना मातीची ओढ नव्हती काय? होती, पण ती बहुधा आपल्या वतनाच्या शिवेपाशी थांबे. राजाराम महाराजांच्या काळात सरदार जोडून ठेवण्यासाठी वतने द्यावी लागली. मोगलही तेच आमिष दाखवीत.

८/ याच शब्दाचे दुसरे टोक म्हणजे महार वतन. सांगावे पोचवणे, सरकारी बोजे वाहणे, मेलेली गुरे ओढणे; मोबदला तुटपुंजा. इंग्रजांच्या १८७४ च्या कायद्याने वंशपरंपरागत चाकरीला कायम चौकट दिली. तो बदलण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा आला तो थेट १९५८ मध्ये. एकाचा वाडा उभारणारा शब्द दुसऱ्याच्या पायातली बेडी होता.

९/ म्हणून 'वतन' वाचताना ऊर भरून येण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: वतन कोणाचे? कोणत्या गावचे? आणि ते टिकवण्यासाठी राबले कोण? उत्तरे बहुधा त्याच कागदात असतात. मथळा लिहिणाऱ्याने तो शेवटपर्यंत वाचलेला नसतो, इतकेच.