हौशी विनोदाला जागा कोण देणार?

दिनांक २३ मार्च २०२५ च्या रात्री मुंबईत खार येथील ‘हॅबिटॅट’ या छोटेखानी रंगमंचाची मोडतोड झाली. कुणाल कामरा यांनी तेथे सादर केलेल्या राजकीय विडंबनाने सत्तारूढ आघाडीतील एका पक्षाचे कार्यकर्ते संतापले होते. दुसऱ्याच दिवशी महानगरपालिकेचा हातोडाही त्या जागेवर पडला. त्यानंतरची चर्चा कामरा यांच्याभोवतीच फिरली. परंतु नामवंताला दुसरे व्यासपीठ मिळते. अशा जागी पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या हौशी मुलामुलींना ते मिळत नाही, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

या पहिल्या संधीला ‘ओपन माइक’ म्हणतात. नाव नोंदवावे, पाळी आली की उभे राहावे, चार-पाच मिनिटे बोलावे आणि उतरावे. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. नवशिक्यांचे बहुतेक विनोद पडतात, आणि या प्रथेचा खरा उपयोग त्यातच आहे. विनोद कागदावर तपासता येत नाही. कोणता शब्द जास्त झाला, कोठे थांबावयास हवे होते, हे अनोळखी श्रोत्यांच्या मौनातूनच उमगते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर चुकण्याचा खर्च कमी करणारी ही व्यवस्था आहे.

बारामती-इंदापूरच्या तरुणाला नेमका हाच खर्च परवडत नाही. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आणि विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून आहे. इंदापुरातही महाविद्यालय आहे. विद्यार्थ्यांची वाण नाही. मात्र ओपन माइकची नियमित ठिकाणे मुख्यतः पुण्या-मुंबईत एकवटली आहेत. पाच मिनिटांसाठी शंभरेक किलोमीटरचा प्रवास, रात्री परतण्याची विवंचना आणि बुडालेला दिवस, एवढे मोल दिल्यावर चुकण्याची हिंमत कोण करील? गावात स्नेहसंमेलन असते, गणेशोत्सव असतो. पण ते वर्षातून एकदा, आणि तेथे यजमानाची थट्टा करावयाची नसते.

वास्तविक हा प्रांत हजरजबाबी विनोदाला परका नाही. तमाशातील सोंगाड्या भर फडात पाटलाची टोपी उडवीत असे आणि पाटील ते हसून ऐकत असे. नीरेपलीकडच्या अकलूजला जन्मलेले द. मा. मिरासदार यांनी शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. ग्रामीण बोलीला शहरी सभागृहे दाद देतात, हे या तिघांनी दाखवून दिले. आजच्या मुलाने पुणेरी ढंग उसना घेण्याचे कारण नाही. त्याला उणीव आहे ती सरावाच्या जागेची.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी या साखर कारखान्यांच्या परिसरात ऊस, कर्ज, नोकरी आणि शिक्षण यांचे धागे बहुधा सार्वजनिक जीवनातील त्याच वर्तुळात गुंतलेले असतात. वडील सभासद, भाऊ लिपिक आणि स्वतः विद्यार्थी, अशा घरातील मुलगा ओठांवर आलेला विनोद गिळतो. येथे हातोड्याची गरजच पडत नाही. त्यातून फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापुरात प्रणित मोरे या विनोदकाराला कार्यक्रमानंतर मारहाण झाली. एका नव्या चित्रपट अभिनेत्यावर केलेल्या विनोदाचा हा राग असल्याचे त्याच्या वतीने सांगण्यात आले. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या इंदापुराला ही बातमी दूरची वाटण्याचे कारण नाही.

खारच्या घटनेनंतर पाचच दिवसांनी, २८ मार्च २०२५ रोजी, इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साहित्य आणि नाटक यांच्याबरोबर स्टँड-अप कॉमेडीचाही उल्लेख करून या कला मानवी जीवन अधिक अर्थपूर्ण करतात असे म्हटले. निकाल स्वागतार्ह आहे. पण हक्क बजावावयाचा तर चार भिंती आणि तीस खुर्च्या लागतात. संध्याकाळी महाविद्यालयांचे वर्ग रिकामे असतात, वाचनालयांची दालनेही असतात. महिन्यातील एक ठरलेला दिवस त्यांनी दिला, तर वाढीव खर्च दिव्यांच्या विजेपलीकडे फारसा जाणार नाही. मोठे सभागृह भाड्याने घेऊन तीस श्रोत्यांचा कार्यक्रम मात्र कधीच परवडणार नाही.

यातून अश्लीलता माजेल, असा आक्षेप घेतला जाईल. बदनामीसाठी कायदा आहेच; आणि बेचव विनोदाला श्रोत्यांच्या मौनाएवढी कठोर शिक्षा दुसरी नाही. मोबाईल असताना रंगमंच कशाला, असेही विचारले जाईल. मोबाईलवर फसलेला विनोद कायमचा फिरत राहतो. खोलीत फसलेला विनोद तेथेच विरतो. म्हणूनच अशा कार्यक्रमात चित्रीकरणास मनाई हवी. संमेलनात भाषणे ऐकविणाऱ्या संस्थांनी महिन्यातून एक संध्याकाळ स्वतःची थट्टा ऐकून घ्यावी. ज्या गावात मुलांना थोरांसमोर चुकण्याची मुभा नाही, तेथे ती मुले थोरांच्या चुकाही कधी दाखविणार नाहीत.