नाक्यापलीकडचा हिरवा दिवा

मुलुंड चेकनाक्याला मुंबई संपते नि ठाणं लागतं. लालबहादूर शास्त्री मार्ग मात्र तोच! 2017 मध्ये जीएसटी आला, नाक्यावरची जकात गेली. पण महापालिका दोन, पोलीस आयुक्तालयं दोन. मग सिग्नलचा मेळ कोणी घालायचा?

हिशेब तसा सोपा आहे, मैत्रिणींनो. ताशी 36 किलोमीटरने निघालेली बस 400 मीटर 40 सेकंदांत कापते. पुढचा दिवा तेवढ्याच उशिराने हिरवा व्हावा आणि दोन्ही दिव्यांचा फेरा सारख्या वेळाचा असावा. दोन्ही शहरांनी एकत्र बसून हे ठरवायलाच हवं.

पण गाड्या सुसाट सोडायच्या नादात पायी चालणारीचे सेकंद कापू नका हं! एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताला लेकरू. ती किती पळणार? तिच्या चालीने रस्ता ओलांडायला लागणारा वेळ आधी बाजूला काढा, उरलेला गाड्यांना द्या.