फॅक्सची वायर जोडण्यापूर्वी

फॅक्सचे दिवस सरले असे आता म्हणतात. तरीही काही सरकारी कचेऱ्यांत, दवाखान्यांत आणि जुन्या पेढ्यांत ते यंत्र अजून कोपऱ्यात उभे आहे. टेबल हलले की तेही हलवावे लागते. त्या वेळी साहेब वायरमनला बोलावत नाहीत, शिपायालाच म्हणतात, "अरे, ती वायर जरा जोडून टाक." हा शिपाई पुष्कळदा आपल्याच घरातला असतो, म्हणून आज हा विषय.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. मेन स्विच बंद केला की वायर मेली. विजेच्या वायरीपुरते ते ठीक, पण टेलिफोनच्या तांब्याच्या वायरीला ते लागू नाही. तिच्यातली वीज टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून येते. ती एरवी साधारण ४८ व्होल्ट असते. घंटी वाजू लागली की त्याच वायरीत ७० ते ९० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह येतो. घंटी केव्हा वाजेल हे कोणी सांगून येत नाही. कोरड्या हाताला झिणझिण्या येतील, ओल्या हाताला चांगलाच झटका बसेल. स्टुलावर चढलेला माणूस दचकून पडला तर विजेने न मोडलेले हाड पडल्याने मोडते.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. जोडताना आधी विजेची तीन पिनांची प्लग लावावी, मग टेलिफोनची वायर. यंत्र हलवताना उलटे करावे. आधी टेलिफोनची वायर काढावी, मग विजेची. कारण यंत्राचे अर्थिंग विजेच्या प्लगमधूनच होते. टेलिफोनच्या वायरीतून काही धोका आलाच, तर अर्थिंग आपले रक्षण करते. तिसरी, जाड पिन त्यासाठीच आहे. ती तोडून किंवा दोन पिनांच्या जोडणीत घालून यंत्र चालवणे म्हणजे ही राखण काढून टाकणे. सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

वळवाच्या पावसात वीज कडाडत असताना या वायरीला हात लावू नये. खांबावरून येणाऱ्या वायरीवर दूर कोठे वीज पडली, तरी तिचा तडाखा यंत्रापर्यंत पोहोचू शकतो. वायर ओढून काढू नये, प्लग धरून काढावी. भिंतीवरची रोझेट ओली असेल किंवा उघडी पडली असेल, तर ती टेलिफोन कंपनीच्या माणसाकडूनच दुरुस्त करून घ्यावी. कचेरीत ईपीएबीएक्स असेल तर त्याच्या डिजिटल लाइनवर साधा फॅक्स जोडू नये, यंत्र जळू शकते. त्याला साधी अ‍ॅनालॉग लाइन लागते.

कायद्याचेही सांगतो. २०१७ च्या नियमांनुसार टेलिफोन लाइनला जोडायच्या यंत्रांची तपासणी सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०१९ पासून साधे टेलिफोन, कॉर्डलेस, मोडेम, ईपीएबीएक्स आणि ग्रुप-३ फॅक्स यांना दूरसंचार विभागाच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग सेंटरचे प्रमाणपत्र लागते. यंत्र वापरणाऱ्याला अपाय करणार नाही आणि लाइनही बिघडवणार नाही, हे त्यात पाहिले जाते. तेव्हा नवे यंत्र घेताना पावती आणि प्रमाणपत्र पाहणे ही कचेरीची जबाबदारी आहे, वायर जोडणाऱ्या शिपायाची नव्हे.

आमचे आपल्या तरुण मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. "साहेब, अर्थिंग तपासून घेऊ, मग जोडतो," असे म्हणणे हा उद्धटपणा नाही. नोकरी आपली आहे, तसा जीवही आपलाच आहे. संध्याकाळी घरी वाट पाहणाऱ्यांना पगाराआधी आपण धडधाकट हवे असतो.