फुगडी हळू होत नसते

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण स्लो मोशनशी. म्हणजे त्या तंत्राशी नव्हे, ते जिथे तिथे ओतण्याच्या सवयीशी.

गोव्यात हल्ली धालो असोत, शिगम्याचा रोमटामेळ असो की चवथीची फुगडी, कॅमेरा हजर असतो. चांगलंच आहे. पण नंतर हातात पडणारा व्हिडिओ पाहा. पदर हवेत तरंगतोय, अबोलीचा वळेसर सावकाश हलतोय आणि मागे कुठली तरी बासरी! बायकांची तोंडं हलताना दिसतात, पण गाणं कुठे गेलं? कापलं. चित्र अर्ध्या वेगाने चालवलं की त्यासोबतचा आवाज एक सप्तक खाली घसरतो, पाव वेगाने चालवलं की दोन. गाणारी बाई पुरुषी, घोगरी वाटू लागते. मग एडिटर आवाजच काढून टाकतो.

आता मला सांगा, फुगडी म्हणजे काय? सुरुवात संथ, मग पावलं चढत जातात, फेर गरगरू लागतो आणि शेवटी तो श्वासाचा 'फू'! वेग हाच तिचा प्राण. आणि एडिटर ब्रेक दाबतो तो नेमका तिथेच.

बरं, हे स्लो मोशन तरी खरं असतं का? साधा हिशोब करू. आपल्याकडचा नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम्सचा. चार सेकंदांची फुगडी म्हणजे १०० फ्रेम्स. ती पाव वेगाने सोळा सेकंद दाखवायची तर ४०० हव्यात. उरलेल्या ३०० कुठून आणणार? एक तर तीच फ्रेम चार-चार वेळा दाखवायची, मग चित्र अडखळतं. नाही तर शेजारच्या दोन फ्रेम्स एकमेकींत मिसळायच्या, मग भुतं दिसतात. किंवा संगणकाला मधल्या फ्रेम्स अंदाजाने रचायला लावायच्या. एकमेकींत गुंतलेले हात आणि उडणारे पदर पाहून तोही गोंधळतो, बोटं विरघळतात. म्हणजे पडद्यावरच्या चारपैकी तीन फ्रेम्स मांडावर घडलेल्याच नसतात!

खरं स्लो मोशन शूटिंग करतानाच ठरवावं लागतं. सेकंदाला १०० किंवा त्याहून जास्त फ्रेम्स घ्यायच्या आणि २५ च्या वेगाने दाखवायच्या. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. शटर १/५० वरून १/२०० वर नेलं की उजेड चौथा हिस्सा उरतो. त्यात आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि ते चित्रात उमटतं. धालो पौषातल्या रात्री, अंगणातल्या मांडावर. तिथे हे सगळं सांभाळायला अभ्यास लागतो. एडिटिंगच्या टेबलावर वेगाची पट्टी मागे ओढायला काय लागतं?

"लोकांना आवडतं हो," असं उत्तर मिळतं. 'सेव्हन समुराई' (१९५४) मध्ये कुरोसावानेही स्लो मोशन वापरलं, पण कोसळणाऱ्या माणसापुरतं. आजूबाजूचं सगळं नेहमीच्या वेगाने चालतं, म्हणून तो क्षण काळजात घुसतो. सगळंच हळू केलं तर हळू काय राहिलं?

जिथे हवं तिथे मात्र कोणी वापरत नाही. घुमट घ्या. २०१९ साली सरकारने त्याला गोव्याचं वारसावाद्य म्हणून जाहीर केलं. एका हाताची बोटं चामड्यावर नाचतात, दुसरा तळवा मागचं तोंड झाकतो, उघडतो आणि नाद बदलतो. उघड्या डोळ्यांना हे पकडता येत नाही. दिवसाउजेडी २४० फ्रेम्सने टिपा की! शिकणाऱ्या पोराला केवढा उपयोग होईल. आज हे बऱ्याच मोबाईलमध्येही जमतं.

एका धालोत्सवाचं मूळ चित्रीकरण मी मागितलं होतं. उत्तर आलं, "ते डिलीट केलं. फायनल दिलंय ना?" फायनलमध्ये बासरी होती. धालोची गाणी तोंडातून तोंडात आलेली. ती पाठ असलेल्या म्हाताऱ्या गावागणिक कमी होताहेत. त्या रात्रीचं गाणं कॅमेऱ्याच्या माइकने पकडलं होतं, आणि आपण ते शोभेसाठी पुसलं.

तेव्हा व्हिडिओवाल्यांना आणि त्यांना पैसे देणाऱ्या उत्सव समित्यांनाही सांगणं एवढंच. आधी अख्खा खेळ, न तोडता, मूळ वेगात, मूळ आवाजासह टिपा. ती फाइल गावाकडे द्या, दोन ठिकाणी जपा. स्लो मोशन हवं तर त्यासाठी वेगळा कॅमेरा लावा. मग बासरी घाला, सनई घाला, हवं ते करा. पण आमच्या बायका ज्या वेगाने नाचल्या, तो वेग आधी आम्हाला परत द्या.