व्हेरिएबलची हद्द कुठे संपते?

मित्रांनो, आपल्या होस्टेलवर विम एडिटरची सेटिंग फाइल वारशाने मिळते. फायनल इयरवाले जाताना पेन ड्राइव्हवर देऊन जातात, आपण ती जशीच्या तशी टाकतो. आतली फंक्शन्स कुणी लिहिली, का चालतात, कुणालाच ठाऊक नसतं. चालतंय ना, मग हात कशाला लावा! मला हा ॲटिट्यूड मुळीच पटत नाही.

साधी गोष्ट घ्या. जुन्या विमस्क्रिप्टमध्ये नावाआधी काहीही न लावता व्हेरिएबल केलं, तर फंक्शनच्या आत ते लोकल असतं आणि बाहेर ग्लोबल. ओळ तीच, फक्त जागा बदलली की अर्थ बदलला. जून २०२२ मध्ये विम ९.० बरोबर नवी विम९ स्क्रिप्ट आली. तिच्यात बाहेर केलेलं व्हेरिएबल त्या फाइलपुरतंच राहतं, आणि ब्लॉकमध्ये केलेलं ब्लॉकपुरतं. दोन्ही पद्धती आजही शेजारी शेजारी चालतात. नुसत्या नजरेने हे कळणार कसं?

क्लोजरची तर आणखीच गंमत. व्हायवात आपण व्याख्या घडाघडा म्हणतो. फंक्शन आपल्या जन्मजागेची व्हेरिएबल्स लक्षात ठेवतं, बाहेरचं फंक्शन संपलं तरी. पण लक्षात ठेवतं म्हणजे नेमकं काय? व्हेरिएबलची झेरॉक्स काढून ठेवतं, की मूळ कपाटाची किल्ली जवळ बाळगतं?

उत्तर आहे किल्ली. समजा शून्य ते चार असा लूप आहे. प्रत्येक फेरीत एका व्हेरिएबलमध्ये तो आकडा टाकायचा आणि तो परत देणारं एक क्लोजर बनवायचं. विम९ स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल लूपच्या बाहेर केलं असेल, तर पाचही क्लोजर शेवटी ४ हेच उत्तर देतात. पाच जणांकडे एकाच कपाटाची किल्ली, मग शेवटी ठेवलेली वस्तूच सगळ्यांना दिसणार. तेच व्हेरिएबल लूपच्या आत केलं, तर प्रत्येकाचं कपाट वेगळं, आणि उत्तरं येतात ०, १, २, ३, ४. विमच्या हेल्पमध्ये हे दोन्ही प्रकार उदाहरणासकट दिलेत. हेल्प एडिटरमध्येच असते, होस्टेलचं नेट बंद असलं तरी उघडते.

काही जण म्हणतात, चांगल्या कोडला डॉक्युमेंटेशन लागत नाही, कोड वाचला की कळतं. मला हे अर्धंच खरं वाटतं. कोड रन केला की आज काय होतं ते कळतं. ते नियमाने झालं की योगायोगाने, हे कळत नाही. उद्या नव्या व्हर्जनमध्ये ४ च्या जागी दुसरं काही आलं, तर तो बग की सुधारणा? नियम लिहिलेला असेल तरच भांडता येतं.

विमचे जनक ब्रॅम मूलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. १९९१ च्या पहिल्या जाहीर आवृत्तीपासून प्रोजेक्टची मुख्य धुरा त्यांच्याकडे होती. तरी विम थांबलं नाही, जानेवारी २०२४ मध्ये ९.१ आलं आणि ते त्यांनाच अर्पण केलं. बाकी मंडळी काम पुढे नेऊ शकली, त्यात त्या जाडजूड हेल्पचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. माणूस जातो, लिहिलेलं राहतं.

आणि आपण? फायनल इयर प्रोजेक्टचं ब्लॅक बुक सोनेरी अक्षरांत बाइंड करतो, पण कुठलं व्हेरिएबल कोण बदलतं याचं एक पानही आत नसतं. ज्युनियर्स बिचारे शून्यापासून सुरू करतात.

सरांना आणि मॅडमना विनंती, जर्नलमध्ये क्लोजरची व्याख्या दहाव्यांदा उतरवून घेण्यापेक्षा वरचा लूप दोन्ही प्रकारे रन करायला लावा आणि उत्तर असं का आलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. आणि दोस्तांनो, या वर्षी पेन ड्राइव्ह पुढे देताना सेटिंग फाइलमध्ये चार ओळी कॉमेंटच्या टाका. मराठीत लिहिल्या तरी चालतील!